कॉम्प्रेसर गेला नव्हता

ऐन उन्हाळ्यात माझ्या गाडीच्या एसीतून नुसता वारा येऊ लागला. गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडून पाच मिनिटांत निदान झालं, "कॉम्प्रेसर गेलाय, नवा टाकावा लागेल." कॉम्प्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबून नळ्यांमधून फिरवणारा पंप. तो बदलण्याचा खर्च मला झेपणारा नव्हता. गाडी तशीच घरी आणली आणि ठरवलं, पैसे न घालता जे तपासता येतं ते आधी सगळं तपासायचं.

मला एक गोष्ट खटकत होती. आदल्या वर्षी गॅस भरला होता, तेव्हा गारवा चारेक महिने टिकला आणि मग हळूहळू कमी होत गेला. इतक्या संथपणे जाणारा गारवा बहुतेक वेळा गळतीचा असतो. एसीचा गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर पडलेला असतो, आणि ती जागा शोधल्याशिवाय पुन्हा गॅस भरणं म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणं. ही चूक मी एकदा केली होती.

केबिन फिल्टर आणि ब्लोअर, म्हणजे आत हवा ढकलणारा पंखा, ठीक होते. मग इंजिन चालू ठेवून, पट्ट्यापासून लांब उभं राहून कॉम्प्रेसरकडे कान दिला. त्याचा क्लच, म्हणजे त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा भाग, 'खट्' करून पकडायचा, तीन-चार सेकंदांत सुटायचा, पुन्हा पकडायचा. क्लच पकडतोय म्हणजे फ्यूज, रिले आणि क्लचची कॉइल शाबूत. गॅस कमी असला की कॉम्प्रेसर सुरू होताच खेचण्याच्या बाजूचा दाब घसरतो आणि प्रेशर स्विच त्याला बंद करतो. दाब सावरला की पुन्हा चालू. हा स्विच कॉम्प्रेसरला वाचवतो. कॉम्प्रेसरचं वंगण गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गॅस अपुरा असला की वंगणही पुरेसं परत येत नाही.

गळतीची जागाही या वंगणानेच दाखवली. गॅसबरोबर थोडं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. टॉर्च घेऊन एकेक जोड पाहत गेलो, तर नळी कंडेन्सरला, म्हणजे गरम गॅस थंड करणाऱ्या पुढच्या भागाला, जिथे जोडलेली असते तिथे काळपट, तेलकट डाग होता. इंजिन बंद करून साबणाचं दाट पाणी लावलं. मिनिटभराने एक बारीक बुडबुडा फुगू लागला. तो बघून मला किती हायसं वाटलं, सांगता येत नाही.

पुढचं काम घरी करण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या, फक्त एसीचंच काम करणाऱ्या मेकॅनिककडे गेलो आणि म्हणालो, "गॅस भरायची घाई नको. आधी दाब बघा, गळती मला इथे दिसतेय." त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि गेज लावले. बंद गाडीत ४५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाखवत होतं. बाहेर ३० अंश असताना आर-१३४ए हा गॅस नळ्यांमध्ये थोडा जरी द्रवरूपात शिल्लक असेल तरी दाब सुमारे ९७ पीएसआय असायला हवा. म्हणजे द्रव उरलाच नव्हता, गॅस बराच कमी झाला होता.

उरलेला गॅस त्याने मशीनने काढून घेतला. तो हवेत सोडून देणारेही असतात, पण ते करू देऊ नका. वजनाला वजन धरलं तर हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. जोड उघडल्यावर आतली ओ-रिंग चपटी आणि टणक झालेली निघाली. एवढीशी रबरी कडी! तिच्या जागी एसीसाठीच बनवलेली नवी, तेल लावून बसवली. साध्या रबराची तिथे टिकत नाही. मेकॅनिकच्या सांगण्यावरून ड्रायरही बदलला. तिथे कमी खर्चात सुटण्याचा मोह टाळला, कारण आत शिरलेला ओलावा शोषायचं काम त्याचंच असतं.

मग पाऊण तास व्हॅक्यूम. पोकळीत पाणी साध्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. पंप बंद करून आम्ही वीस मिनिटं काटा बघत बसलो. तो हलला नाही, म्हणजे मोठी गळती उरली नव्हती. गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिला होता तेवढाच, ४८० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून भरला. जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट दाब चढतो. शेवटी एसी चालू असताना खेचण्याच्या बाजूला ३५ आणि ढकलण्याच्या बाजूला २१० पीएसआय. दोन्ही काटे जवळजवळ आले असते तर कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाही असं मानावं लागलं असतं. डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीत ठेवलेल्या थर्मामीटरने ८ अंश दाखवले.

दोन दिवसांनी ट्रॅफिकमध्ये थांबलो आणि हवा पुन्हा कोमट. काळजात धस्स झालं. पण गाडी चालू लागली की गारवा परत यायचा, म्हणून गॅसवर संशय घेतला नाही. घरी येऊन, उभ्या गाडीच्या कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारला. थोड्याच वेळात जाळीतली हवा गार झाली. म्हणजे कंडेन्सरला वारा मिळत नव्हता. त्याचा पंखा फिरतच नव्हता. मेकॅनिककडे तपासताना गाडीसमोर मोठा पंखा लावलेला होता, त्यामुळे तिथे हा दोष झाकला गेला. इंजिन बंद करून, कनेक्टर काढून पंख्याला थेट बॅटरीची वायर दिली, तर तो जोरात फिरला. मोटर चांगली, दोष वायरिंगमध्ये. कनेक्टरच्या पिनवर हिरवट गंज चढला होता. बारीक पॉलिश पेपरने घासून पिना घट्ट केल्या. या दुरुस्तीला पॉलिश पेपरच्या तुकड्यापलीकडे काही लागलं नाही.

गळती बंद करण्याच्या द्रवाचे डबे मिळतात, तसा एक मला सुचवला गेला होता. घेतला नाही. तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक झडपेत, साचू शकतो, आणि मग छोट्या कामाचं मोठं काम होतं.

पुढच्या उन्हाळ्यात बॉनेट उघडून आधी तो जोड पाहिला. कोरडा होता. थर्मामीटर जाळीत ठेवला, ९ अंश. स्टिकरशेजारी गॅस भरल्याची तारीख आणि ग्रॅम मी मार्करने लिहून ठेवले आहेत, म्हणजे पुढे कोणी बॉनेट उघडलं तर त्याला अंदाज बांधावा लागणार नाही.