गाडी चालवताना फोन आपोआप गप्प कसा करायचा

निघण्याआधी फोन सायलेंटवर टाकला की काम झालं, असं बरेच जण धरून चालतात. पण सायलेंटमध्ये फक्त आवाज बंद होतो. व्हायब्रेशन काही फोनमध्ये चालूच राहतं, स्क्रीन उजळते, वरून मेसेजची पट्टी उतरते, आणि होल्डरला लावलेला फोन नजरेच्या रेषेतच असल्यामुळे ती पट्टी वाचलीही जाते. मोटारसायकलवर खिशातला फोन मांडीशी थरथरला की हात नकळत तिकडे जातो. 2015 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगातून दाखवलं, की फोन उचलला नाही, पाहिलाही नाही, नुसतं नोटिफिकेशन आल्याचं कळलं, तरी हातातल्या कामावरचं लक्ष घसरतं. कोणाचा असेल, कशाचा असेल, हा विचार डोक्यात शिरतो आणि तेवढा वेळ रस्ता नुसता दिसत राहतो, लक्षात येत नाही.

हिशोब करून बघा. ताशी 80 किलोमीटरने गाडी एका सेकंदाला 22 मीटर जाते. एक मेसेज वाचायला पाच सेकंद गेले, तर 110 मीटर रस्ता न बघता मागे पडला. समृद्धी महामार्गावर 120 ने चालत असाल तर तेवढ्याच वेळात 165 मीटरच्या वर. आता हेच साखर कारखाने सुरू झाल्यानंतरच्या रात्री धरा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढे चाललाय, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, तिचा मागचा भाग झाकून गेलाय. डीपरवर अशी ट्रॉली दिसते तीच मुळी जवळ आल्यावर. पूर्ण लक्ष असलेल्या माणसालाही तिथं ब्रेक दाबायला जेमतेम वेळ मिळतो.

आणि मेसेज नेमके अशाच वेळी येतात. फास्टॅगमधून पैसे कापल्याचा एसएमएस बऱ्याचदा टोलनाक्याचा बूम ओलांडल्यावर पडतो, म्हणजे सगळ्या लेनमधल्या गाड्या वेग धरत पुन्हा दोन लेनमध्ये घुसत असतात त्याच घटकेला. लातूरला सोयाबीन-तुरीचा सौदा झाला की भावाचे मेसेज दहा ग्रुपवर फिरायला लागतात. शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर लाईट आल्या-गेल्याचा फोन लावतो, आणि शेतीची लाईट कधी येईल याचा नेम नसल्यामुळे तो कधीही वाजतो. यातलं एकही काम असं नाही, की पुढच्या फाट्यावर गाडी लावून पाहिलं तर बिघडेल. त्या मोटारीचं म्हणाल तर निघण्याआधी स्टार्टर ऑटोवर टाकून ठेवा आणि त्याचा फोन घरी दुसऱ्या कोणाच्या नंबरवर जाईल असं करून घ्या.

कायद्याबद्दल थोडक्यात. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं. पहिल्या वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

आता मुख्य काम. आपल्याला हवंय ते ‘डू नॉट डिस्टर्ब’, आणि तेही गाडी सुरू झाली की स्वतःहून लागणारं. दर वेळी हाताने लावायचं ठरवलं तर चार दिवस लक्षात राहतं. ज्या दिवशी उशीर झालेला असतो, दवाखान्यात किंवा लग्नाला पोचायचं असतं, त्याच दिवशी विसरतं, आणि त्याच दिवशी फोनही जास्त येतात.

आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फोकस’ उघडा, वरच्या अधिकच्या खुणेवर दाबा आणि ‘ड्रायव्हिंग’ निवडा. आयओएस 15 पासून ही सोय इथं आहे. त्याआधीच्या फोनमध्ये ती ‘डू नॉट डिस्टर्ब’च्या पानावरच मिळते. चालू कधी व्हायचं याचे तीन पर्याय दिसतील: आपोआप, गाडीच्या ब्लूटूथला जोडल्यावर, किंवा हाताने. गाडीत ब्लूटूथ असेल तर डोळे झाकून दुसरा घ्या. ‘आपोआप’मध्ये फोन हालचालीवरून अंदाज बांधतो, त्यामुळे सुरुवातीचा थोडा वेळ तसाच जातो, आणि एसटीत बसलेल्या माणसाचाही फोन गप्प होतो. तसं झालं तर स्क्रीनवर ‘मी गाडी चालवत नाही’ अशा अर्थाचा पर्याय येतो, तो दाबायचा.

सॅमसंगमध्ये वन यूआय 5 किंवा पुढची आवृत्ती असेल तर सेटिंग्जमध्ये ‘मोड्स अँड रूटीन्स’ आणि त्यात ‘ड्रायव्हिंग’. इथंही गाडीच्या ब्लूटूथचं नाव निवडता येतं. पिक्सेलमध्येही ड्रायव्हिंगचा मोड आहे. बाकी कंपन्यांच्या फोनमध्ये मेनूची नावं मॉडेलगणिक बदलतात, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘ड्राइव्ह’ किंवा ‘डिस्टर्ब’ टाइप करणं सगळ्यात सोपं. आपोआप लागण्याची सोय नसेल तर स्क्रीन वरून खाली ओढल्यावर दिसणारं ‘डू नॉट डिस्टर्ब’चं बटण पहिल्या ओळीत आणून ठेवा. ते जरा वेळ दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये मुदत ठरवता येते. जवळच्या फेऱ्यांना एक तास ठेवा. ‘बंद करेपर्यंत चालू’ असं ठेवलं की माणूस गावात पोचतो, बटण विसरतो, संध्याकाळपर्यंत कोणाचाच फोन लागत नाही, आणि मग वैतागून ही सोयच बंद करून टाकतो.

अँड्रॉइडमध्ये एक गोष्ट हमखास राहून जाते. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं तरी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये अनेकदा आवाजच थांबतो, पट्ट्या दिसतच राहतात. त्याच पानावर लपवलेल्या नोटिफिकेशनचं काय करायचं असा एक भाग असतो. तिथं ‘दिसू नये आणि वाजूही नये’ हा पर्याय निवडायचा. हे केलं नाही तर अर्धंच काम झालं. दुसरं, अलार्म आणि इतर आवाजांच्या यादीत ‘मीडिया’ला परवानगी चालू आहे ना ते बघा. ती बंद असेल तर नकाशातली बाईही गप्प होते, मग माणूस वळण शोधायला पुन्हा स्क्रीनकडेच बघतो.

गाडी जुनी असेल, टेपला ब्लूटूथ नसेल, तरी अडत नाही. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथवाला एफएम ट्रान्समीटर मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो. फोनला तो एकदा जोडला की सॅमसंगच्या ड्रायव्हिंग मोडला त्याचं नाव देता येतं. आयफोनला तो गाडीचा आहे हे सांगावं लागतं: ब्लूटूथच्या यादीत त्याच्या नावापुढच्या खुणेवर जाऊन उपकरणाचा प्रकार ‘कार स्टिरिओ’ करायचा. एवढंच बघा, की काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही सॉकेट चालू राहतं. अशा गाडीत ट्रान्समीटर तसाच ठेवला तर वाड्यासमोर गाडी उभी असतानाही फोन जोडलेला राहतो आणि घरात बसून तुमचा फोन वाजत नाही. उतरताना तो काढून घ्यायचा.

कोणाचे फोन येऊ द्यायचे, हा या सगळ्यातला खरा विचाराचा भाग. अँड्रॉइडमध्ये कॉन्टॅक्टला तारा लावायचा आणि फक्त तारा लावलेल्यांना परवानगी द्यायची. आयफोनमध्ये फोकसच्या पानावर माणसं निवडायची. माझ्या मते दोन, फार तर तीन नंबर. घरचं एक माणूस, आणि घरात म्हातारं माणूस आजारी असेल तर त्याच्याजवळ जो असतो तो. गुत्तेदार, साहेब, दुकानाचा मुनीम यांना या यादीत जागा नाही, कारण त्यांचं काम दिवसात दहा वेळा तातडीचं असतं.

लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला फोन वाजू द्यायचा, अशीही सोय आहे. आयफोनमध्ये त्याच माणसाचा तीन मिनिटांच्या आत आलेला दुसरा कॉल वाजतो, अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांच्या आत. कल्पना चांगली आहे, पण आपल्याकडे एकदा नाही उचलला की लगेच दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा लावतात. उचलेपर्यंत लावतच राहायचं ही रीतच आहे. त्यामुळे ही सोय चालू ठेवली की सगळेच फोन आत येतात. ती बंद करा आणि ताऱ्यावरच भिस्त ठेवा. ज्यांना तारा लावलाय त्यांना सांगून ठेवा, की खरी अडचण असेल तर व्हॉट्सॲपवरून न लावता साधा फोन लावायचा. बालाघाटाच्या डोंगरातून जाताना नेट जातं तिथंही साधा फोन कधी कधी लागतो.

आणि तो फोन वाजला तरी चालत्या गाडीत उचलायचा नाही. वाजणं ही थांबण्याची खूण समजा. इंडिकेटर द्या, पुढचा पेट्रोल पंप किंवा धाबा गाठा आणि मग लावा. वळणाच्या पुढे, पुलावर किंवा रात्री सडकेच्या कडेला थांबू नका. मागून येणाऱ्या हायवा टिपरला उभी गाडी उशिरा कळते. समृद्धीवर तर पंप किंवा थांब्याशिवाय कुठंच नको. हँड्सफ्री आहे, मग बोलायला काय हरकत, असं विचारणारे बरेच भेटतात. 2015 मध्येच युटा विद्यापीठात झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की नुसत्या आवाजाने गाडीच्या यंत्रणेला सूचना दिल्यावरही लक्ष पूर्ण जागेवर यायला काही गाड्यांत 27 सेकंदांपर्यंत लागतात. म्हणजे हात मोकळे राहिले तरी डोकं अडकलेलंच असतं.

बहुतेक फोन कशासाठी येतात? ‘कुठवर आलास?’ यासाठी. त्याचा बंदोबस्त निघण्याआधीच होतो. व्हॉट्सॲपवर घरच्यांना लाईव्ह लोकेशन पाठवा: 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास असे पर्याय आहेत. परळीहून संभाजीनगरला निघाला असाल तर सरळ 8 तास ठेवा. आई नकाशावर गेवराई ओलांडल्याचं बघते आणि फोन लावत नाही. ज्या पट्ट्यात रेंज नसते तिथं ठिपका जागेवर थांबतो, हेही तिला आधीच सांगा, नाही तर काळजी दुप्पट व्हायची.

आयफोनमध्ये आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे. मजकूर आपल्या बोलीत लिहा, म्हणजे यंत्राचं उत्तर वाटणार नाही: ‘गाडीवर आहे. पोचलो की फोन करतो.’ मात्र हे उत्तर मेसेजेस ॲपमध्ये आलेल्यालाच जातं, व्हॉट्सॲपला जात नाही, आणि आपला सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर. म्हणून त्याच्यावर फार विसंबू नका. ग्रुप कायमचे म्यूट करणं जास्त उपयोगाचं. म्यूट केलेल्या ग्रुपमध्येही कोणी तुमचं नाव घालून लिहिलं तर सूचना येऊ शकते, ती ड्रायव्हिंग मोड अडवतो.

नकाशा लागणार असेल तर पत्ता गाडी उभी असतानाच टाका. भूम, परंडा, पाटोदा भागात रेंज जाते-येते, म्हणून गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर दाबून ‘ऑफलाइन मॅप्स’मध्ये तेवढा भाग आधी उतरवून घ्या. नकाशा नको असेल तर फोन होल्डरला लावूच नका. मागच्या सीटवरच्या पिशवीत टाका. काळी-पिवळी किंवा टेम्पो चालवणाऱ्यांना भाड्याचे फोन घ्यावेच लागतात. त्यांनी फोन क्लीनरकडे किंवा शेजारी बसलेल्या ओळखीच्या माणसाकडे द्यावा.

बऱ्याच दुचाकींवर ब्लूटूथ नसतं, तिथं बटण हातानेच लावावं लागतं. हेल्मेटची पट्टी बांधण्याआधी बटण, हा क्रम अंगवळणी पाडा, आणि फोन खिशात न ठेवता बॅगेत किंवा डिक्कीत ठेवा. हँडलला होल्डर लावून फिरणाऱ्या आयफोनवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: इंजिनाच्या जोरदार कंपनाने कॅमेरा खराब होऊ शकतो, असं ॲपलनेच 2021 मध्ये सांगितलंय. उन्हाळ्याच्या शेवटी विजांचे दिवस असतात, तेव्हा दामिनी ॲप वापरणाऱ्या दुचाकीस्वारांनी त्याला परवानगीच्या यादीत ठेवायला हरकत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ते ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका कळवतं, आणि ते वाजलं तर पक्क्या छताखाली थांबायचंच आहे.

सगळं लावूनही फसतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे मनगटावरचं स्मार्टवॉच. फोन गप्प, पण घड्याळ थरथरतंय, आणि तो हात स्टिअरिंगवर डोळ्यांसमोरच. ॲपल आणि सॅमसंगच्या घड्याळांना फोनचा मोड लागू करता येतो. स्वस्तातल्या घड्याळांत बऱ्याचदा तसं होत नाही, तिथं घड्याळाचं स्वतःचं ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावायचं किंवा ते काढून ठेवायचं. दुसरं, गाडीची स्क्रीन. अँड्रॉइड ऑटो लावलं की मेसेज तिच्यावर उमटतात. त्याच्या सेटिंगमध्ये मेसेजच्या सूचनांचा भाग आहे, तो बंद करा. कारप्लेसाठी आयफोनच्या ड्रायव्हिंग फोकसमध्ये ‘कारप्लेसोबत चालू करा’ असं बटण आहे.

शेवटी गाडी दारात उभी असतानाच चाचणी घ्या. इंजिन चालू करा, ब्लूटूथ जुळू द्या, आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून एक साधा कॉल, एक व्हॉट्सॲप कॉल आणि एक मेसेज पाठवा. मग तारा लावलेल्या नंबरवरून एक कॉल. पहिल्या तिन्हीला स्क्रीन काळीच राहिली आणि चौथा वाजला, की झालं. चायनीज कंपन्यांच्या काही फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी कामं थांबवली जातात आणि मोड लागतच नाही. तसं झालं तर मोड चालवणाऱ्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये बंधन काढून टाका. फोनला मोठं अपडेट आलं की ही चाचणी पुन्हा घ्यायची, कारण अपडेटनंतर सेटिंग्ज बदललेली असू शकतात.