उन्हावर चालणारा कॅमेरा, सावलीतून चालणारे प्राणी

पहिल्या वर्षी माझा कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा, साध्या सेलवर चालत असे आणि ते बदलण्यासाठी दर तीन आठवड्यांनी मला त्याच पायवाटेने रानात जावे लागे. वर्षअखेरीस सगळी छायाचित्रे तारीखवार लावून पाहिली, तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. मी येऊन गेल्यानंतरचे तीन-चार दिवस ती वाट जवळजवळ ओस पडत असे. एका चित्रात कोल्हीण एका दगडाला नाक लावून उभी आहे; त्याच दुपारी सेल बदलताना मी त्या दगडावर हात टेकला होता. तिचे पुढचे एक पाऊल अधांतरी आहे आणि कान मागे वळलेले आहेत. त्यानंतर ती दिसली ती थेट पाचव्या दिवशी. कॅमेरा आवाज करत नव्हता, त्याचा उजेडही दिसत नव्हता. तिला अडवले होते ते माझ्या वासाने.

सौर पॅनेल मी लावले ते या चित्रामुळे. पॅनेलमुळे सेलचा खर्च वाचतो, हे खरेच आहे; पण त्याचे खरे मोल मला वाटते ते आपल्या गैरहजेरीत. माणसाने रानात कमी वेळा जावे आणि तरीही त्याला रान दिसत राहावे, यासाठी हे साधन आहे. अडचण एवढीच, की पॅनेलला ऊन लागते आणि प्राण्यांच्या वहिवाटा सावलीतून जातात.

ही अडचण किती मोठी आहे, हे मला सुरुवातीला कळले नव्हते. दाट जंगलाच्या तळाशी वरच्या उन्हापैकी अगदी थोडे, अनेकदा पाच टक्क्यांहूनही कमी, पोचते. आपल्या डोळ्यांना ती जागा बऱ्यापैकी उजळ वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. पॅनेलला तशी सोय नाही. झाडांतून उतरणारे कवडसे पाहून आपण समाधान मानतो, पण पॅनेलमधील सौरघट सहसा एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे त्यांपैकी एकावर जरी गडद सावली पडली, तरी साखळीतील बाकीच्या घटांचा प्रवाहही अडतो. एका पावसाळ्यात पॅनेलवर एक वेल चढली होती. तिची तीनच पाने काचेवर आडवी पसरलेली होती आणि तणावा चौकटीला दोन वेढे घालून बसला होता. बाकी सारे पॅनेल स्वच्छ आणि उन्हात होते. तरीही बॅटरी तळाला गेलेली होती आणि शेवटचे छायाचित्र सोळा दिवसांपूर्वीचे होते.

दुसरी गोष्ट दिशेची. कॅमेऱ्याचे भिंग उगवतीकडे किंवा मावळतीकडे असेल, तर प्राण्यांची वर्दळ ज्या वेळी सर्वाधिक असते नेमक्या त्याच वेळी सूर्य भिंगात येतो आणि चित्र पांढरे फटक पडते. म्हणून उत्तर गोलार्धात कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून लावणे चांगले. पॅनेलला मात्र दक्षिणेकडे तोंड हवे आणि साधारण त्या जागेच्या अक्षांशाइतका कल हवा. ज्या कॅमेऱ्यांच्या माथ्यावरच पॅनेल बसवलेले असते, ते दिसायला सुटसुटीत असतात, पण त्यांत या दोन गरजा एकमेकींना बांधल्या जातात. म्हणून तारेने जोडलेले स्वतंत्र पॅनेलच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेरा वाटेकडेला गुडघ्याच्या उंचीवर, सावलीत राहतो आणि पॅनेल तारेच्या लांबीइतके वर, फांद्यांच्या खिंडारात नेता येते. तार मात्र खोडाला घट्ट धरून न्यावी, कारण लोंबणारी तार उंदीर-खारी कुरतडतात.

पॅनेल लावले म्हणजे विजेची चिंता मिटली, असेही नाही. नुसता वाट पाहत असलेला कॅमेरा फारच कमी वीज घेतो. ती खर्च होते रात्रीच्या अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्यांवर, चलचित्रणावर आणि मोबाइल जाळ्यातून चित्रे पाठवण्यावर. त्यामुळे निरर्थक चित्रे टाळणे हीच विजेची सर्वांत मोठी बचत ठरते. त्यासाठी कॅमेऱ्याला जागे करणारा सेन्सर काय पाहतो ते समजून घ्यावे लागते. त्याला प्राणी दिसत नाही. पार्श्वभूमीपेक्षा कमी-अधिक उष्ण असे काहीतरी त्याच्या क्षेत्रातून सरकले, एवढेच त्याला कळते. उन्हाने तापलेले गवत वाऱ्यावर डोलले तरी तो जागा होतो. एकदा अशाच एका गवताच्या झुबक्याची चार हजारांवर चित्रे मी घरी आणली, आणि ज्या रात्रींची मला उत्सुकता होती त्या रात्री कॅमेरा निपचित पडलेला होता. तेव्हापासून भिंगापुढचे गवत मी हाताने बाजूला दाबून ठेवतो, आणि वाट कॅमेऱ्यासमोरून तिरपी जाईल अशी जागा शोधतो. प्राणी आडवा गेला तर सेन्सर त्याला चटकन टिपतो, पण थेट कॅमेऱ्याच्या रोखाने चालत आला तर उशिरा जागा होतो. कडक उन्हाळ्यात दुपारची हवा प्राण्याच्या अंगाइतकीच तापते, तेव्हा सेन्सरची नजर आणखी मंदावते.

रात्रीच्या दिव्यांबाबतही निवड करावी लागते. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त दिव्यांचा उजेड लांबवर पोचतो, पण ते पेटताना मंद लाल दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे जवळजवळ दिसतच नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. मी दुसरे निवडले. माझ्या वासाने थबकलेली कोल्हीण पाहिल्यानंतर दुसरा कोणताही इशारा तिला द्यायची माझी इच्छा नव्हती.

या साधनाची सुरुवात मात्र अशी मुकाट नव्हती. १९०६ च्या जुलैमध्ये नॅशनल जिओग्राफिक मासिकाने अमेरिकी छायाचित्रकार जॉर्ज शिरास यांची ७४ वन्यजीव छायाचित्रे छापली. त्यांतील काही चित्रे प्राण्याने वाटेत ताणलेल्या दोरीला धक्का दिल्यावर पेटत्या स्फोटक दारूच्या लखलखाटात निघालेली होती. एका चित्रामागे एक स्फोट! नव्वदच्या दशकात वन्यजीव शास्त्रज्ञ उल्लास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत रुजवली. त्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लागतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. अशा जोडीत एका कॅमेऱ्याचे तोंड नेहमीच गैरसोयीच्या दिशेला असते. तेथेही सुट्या पॅनेलचा उपयोग होतो.

काही पथ्ये मी कसोशीने पाळतो. वनविभागाची किंवा जमीनमालकाची परवानगी घेतल्याशिवाय कॅमेरा लावत नाही. बिळाच्या किंवा घरट्याच्या तोंडाशी तो कधीच लावत नाही, आमिषही ठेवत नाही. खिळ्याऐवजी पट्टा वापरतो आणि झाड वाढते म्हणून तो दर खेपेला थोडा सैल करतो. कोणी माणूस टिपला गेला तर ते चित्र लगेच पुसतो. दुर्मीळ प्राण्याचे चित्र इतरांना दाखवताना त्यातील स्थळाची नोंद आधी काढून टाकतो, कारण आपल्या आनंदाचे चित्र शिकाऱ्यासाठी नकाशा होऊ शकते.

या खेपेला मी साडेचार महिन्यांनी गेलो. पॅनेलवर धूळ आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा एक डाग होता, कॅमेऱ्याच्या खोबणीत मुंग्यांनी अंडी आणून ठेवली होती, पण बॅटरी भरलेली होती आणि चित्रांत एकाही दिवसाचा खंड नव्हता. तीच कोल्हीण आहे की दुसरी, हे मला सांगता येत नाही. चौदा चित्रांमध्ये ती त्याच दगडावर बसलेली आहे, आणि त्यांपैकी तीन चित्रांत, भर सकाळी, दोन पिल्ले तिच्या शेपटीशी झोंबत आहेत.