सॅटेलाइट टीव्हीचा रेकॉर्डर निवडताना हार्ड डिस्कआधी ट्यूनर बघा

जाहिरातीत हार्ड डिस्कचा आकडा ठळक छापतात, पण तुलना ट्यूनरपासून, म्हणजे चॅनलचा सिग्नल पकडणाऱ्या भागापासून सुरू करावी. एकच ट्यूनर असेल तर रेकॉर्डिंग चालू असताना दुसरं चॅनल बघता येत नाही. फार तर त्याच ट्रान्सपाँडरवरचं (उपग्रहावरून एकत्र येणाऱ्या चॅनल्सच्या गटातलं) एखादं. माझ्या मते दोन ट्यूनर हवेतच.

दोन ट्यूनरना डिशपासून दोन स्वतंत्र केबल लागतात. रिसीव्हर युनिव्हर्सल एलएनबीला (डिशसमोर बसवलेल्या, सिग्नल घेणाऱ्या भागाला) 13 किंवा 18 व्होल्ट देऊन पोलरायझेशन (लहरी उभ्या की आडव्या) निवडतो आणि 22 किलोहर्ट्झच्या टोनने बँड (फ्रिक्वेन्सीचा खालचा की वरचा पट्टा). एका केबलवर एका वेळी पोलरायझेशन आणि बँडची एकच जोडी चालते. साधा स्प्लिटर लावला की दोन्ही ट्यूनर एकमेकांच्या आड येतात, कितीतरी चॅनल्स गायब होतात आणि लोक चांगला बॉक्स बदलून आणतात. दुसरी केबल ओढता येत नसेल तर एकाच केबलवर अनेक ट्यूनर चालवणारी युनिकेबल एलएनबी घ्या. रेकॉर्डरला ती चालते का ते आधी तपासा आणि प्रत्येक ट्यूनरला वेगळा युजर बँड (केबलवरची त्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी) द्या.

जागेचा हिशोब सोपा आहे: एचडी चॅनल 8 मेगाबिट प्रतिसेकंद धरलं तर तासाला 3.6 जीबी, म्हणजे 500 जीबीत जवळपास 139 तास.

डिस्क बाहेरून जोडायची असेल तर जपून. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअरच देतो. डिस्क फिरायला लागताना जास्त ओढते आणि रेकॉर्डिंग मध्येच तुटतं. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली डिस्क घ्या. बॉक्स ती आधी फॉरमॅट करतो, तेव्हा जुना डेटा काढून ठेवा. एन्क्रिप्ट केलेली रेकॉर्डिंग्ज सहसा दुसऱ्या बॉक्सवर चालत नाहीत.