ऑफिसच्या टॉवरमध्ये घरं बसवताना

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात बहुतेक काम अमेरिकेतलं. तिथल्या आर्किटेक्टची ड्रॉइंग्ज आम्ही इथे बसून करतो. गेल्या वर्षी आला तो १९२०च्या दशकातला ऑफिस टॉवर, शहराच्या जुन्या भरवस्तीतला. भाडेकरू निघून गेलेले, आता तिथे विकायचे फ्लॅट करायचे होते. (वागळेत उलटा प्रवास. इथे कारखान्यांच्या जागी ऑफिसं आली.)

इमारतीच्या लेझर स्कॅनवरून रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करणं हे कंटाळवाणं काम, त्यावर जास्त लिहीत नाही. एकही मजला दुसऱ्यासारखा नव्हता, एवढं पुरे.

अशा कामाला जुनी इमारत नव्यापेक्षा बरी, हे माझं मत तिथेच पक्कं झालं. ट्यूबलाइट बाजारात आली १९३८ साली. त्याआधीच्या ऑफिसांना खिडकीचाच उजेड, म्हणून खिडकीपासून कॉरिडॉरपर्यंत २५-३० फुटांपेक्षा जास्त अंतर सहसा ठेवत नसत. हॉल-बेडरूम खिडकीला, किचन-बाथरूम आत, की झाला फ्लॅट. नंतरच्या एसीवाल्या काचेच्या ठोकळ्यांत मधला भाग अंधारा, तिथे बेडरूम कुठे काढणार? न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर १९३१ सालच्या बँकेच्या टॉवरमध्ये ५६६ घरं झाली आहेत.

घाम काढला तो पाइपांनी. ऑफिसच्या मजल्यावर टॉयलेट एकाच जागी, लिफ्टजवळ. आता दर फ्लॅटला किचन आणि बाथरूम. आपल्यासारखा आरसीसी स्लॅब असता तर स्लॅबला मशीनने गोल भोक पाडणारा कोअर कटिंगवाला बोलावून मोकळे झालो असतो. इथे लोखंडी बीमांच्या मध्ये पोकळ मातीच्या विटांची सपाट कमान होती आणि विटा एकमेकींना रेटून उभ्या. आमच्या स्ट्रक्चरवाल्या सरांनी विचारलं, "एक काढलीत तर शेजारची कशावर टेकणार?" म्हणजे प्रत्येक भोकाभोवती लोखंडी चौकट आणि तिचा खर्च. मग भोकंच कमी करायची: बाथरूम एकावर एक, आणि घरांना ऑफिसाइतक्या लिफ्ट लागत नाहीत म्हणून रिकाम्या झालेल्या लिफ्टच्या शाफ्टमधून पाइप. तिकडच्या बाथरूमला सहसा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतली पाणी जायची जाळी, नसतो, तेवढी भोकं वाचली. फ्लॅटचे नकाशे आम्ही काढले म्हणायचं, ठरवले पाइपांनी.

ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवर तिथलं केंद्र सरकार २० टक्के करसवलत देतं, पण इमारत उत्पन्न देणारी हवी आणि पाच वर्षं मालकाकडेच राहायला हवी. भाड्याने दिली तर मिळते, फ्लॅट विकले तर नाही. आमच्या मालकाला ती नव्हतीच. दर्शनी बाजूला हात न लावण्याचा शहराचा नियम मात्र होताच.

शेवटी मालकीचे नकाशे. फ्लॅट खासगी, बाकीच्यात अविभक्त हिस्सा, हे आपल्या १९७०च्या अपार्टमेंट कायद्यासारखंच. अडलं ते फ्लॅटच्या मधोमध उभ्या जाड कॉलमांवर. ते कोणाचे? तिथल्या वकिलांनी सामायिक ठरवले, आणि आम्ही प्रत्येक फ्लॅटचं क्षेत्रफळ पुन्हा काढायला बसलो.