जुन्या बाजारातला अल्बम, नोंद ४: काळा ठिपका

मंडळी, जुन्या बाजारात मिळालेल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोंच्या अल्बमची तारीख मी शोधतोय. मागच्या नोंदीत गाडी हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या फोटोवर अडली होती. पावसाळाभर ती तिथेच रुतून बसली. आता निघालीय, पण निघताना माझंच एक विधान चिरडून निघालीय. ते आधी सांगतो.

नोंद २ मध्ये मी ठोकून दिलं होतं की सगळा अल्बम १९४४ नंतरचा. आधार काय, तर पान ९ वरचं थंडरबोल्ट हे लढाऊ विमान. नाकावर, पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे, आणि दोन निळ्या छटांचं छोटं राऊंडेल, म्हणजे विमानावरची देशाची गोल खूण. आग्नेय आशियाच्या आघाडीवर जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी घोटाळा नको म्हणून ब्रिटिशांनी आपल्या खुणेतला लाल रंगच काढून टाकला होता, हे आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. थंडरबोल्टची तारीख बरोबरच आहे. चूक एवढीच की एका फोटोवरून मी एकतीसही फोटोंची पत्रिका मांडली.

हरिकेन पान ४ वर आहे. नाकाखाली धुळीसाठीच्या गाळणीची ती हनुवटी, पंखांतून बाहेर आलेल्या चार तोफा, म्हणजे हरिकेनचा २सी हा प्रकार. इथवर सोपं. राऊंडेल मात्र विचित्र: बाहेरचं कडं काळपट, आत फिकट राखाडी, मग पांढरी रेघ आणि मधोमध डांबरासारखा काळा ठिपका. आधी वाटलं, कुणीतरी शाईने भरलंय. भिंगाखाली धरलं तर शाईचा थर नाही, कागदावरची चकाकी सलग. मग वाटलं, तळावरच कुणी काळा रंग फासला असेल. या तर्कावर मी दोन महिने काढले, हे कबूल करतो.

उलगडा विमानावरून झालाच नाही, पान ५ वरच्या रुग्णवाहिकेवरून झाला. तिच्या बाजूचा क्रॉस लाल असणार, यात वाद नाही. तो फोटोत टायरपेक्षाही काळा आलाय! माणसांचे ओठ काळे, चेहरे रापलेले, आणि आकाश सगळीकडे कोरं पांढरं. म्हणजे फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक. तिला लाल रंग दिसतच नाही, पिवळा कमी दिसतो आणि निळा गरजेपेक्षा जास्त. शिपायांच्या साध्या कॅमेऱ्यांत चालणारी कोडॅकची व्हेरिक्रोम त्या काळी याच जातीची होती. आता राऊंडेल पुन्हा वाचा: काळपट कडं पिवळं, फिकट राखाडी निळं, आणि काळा ठिपका चक्क लाल. लाल अजून जागेवर आहे!

खात्रीसाठी पुठ्ठ्यावर मॉडेलच्या रंगांनी राऊंडेल रंगवलं, उन्हात ठेवून मोबाईलने फोटो काढला आणि संगणकावर लाल चॅनेल शून्य केला. पिवळं कडं काळपट झालं, निळं उजळलं, मधलं काळं झालं. अल्बमच्या फोटोशेजारी ठेवल्यावर फरक एवढाच की माझं वर्तुळ जरा लंबगोल आहे. (जेवणाच्या टेबलावर हे चाललेलं असताना घरातून आलेल्या प्रतिक्रिया इथे देत नाही.)

आता तारीख. लाल रंग आहे म्हणजे फोटो साधारण १९४३ पर्यंतचा. मागची हद्द पान ६ वरच्या ट्रकने दिली. कॅनडात बनलेला, चपट्या नाकाचा, सीएमपी जातीचा लष्करी ट्रक. समोरची काच वरून पुढे झुकलेली आहे, म्हणजे १३ नंबरची कॅब (चालकाची केबिन). ही कॅब १९४१ च्या अखेरीपासूनची. काच मुद्दाम तशी कललेली, उन्हाची तिरीप चमकून वरच्या विमानाला दिसू नये म्हणून. कॅनडाहून समुद्रमार्गे यायला लागलेला वेळ धरला तर १९४२ च्या आधी जाता येत नाही. मागे उभ्या दोघांच्या डोक्यावर अजून जुन्या वळणाची सोला टोपी आहे, पुढच्या पानांवरची बुश हॅट नाही. तेही जुळतं.

पण विमान, रुग्णवाहिका आणि ट्रक एकाच वेळचे कशावरून? हा प्रश्न तुम्ही विचारणार हे गृहीत धरून १२०० डीपीआयवर सगळं पुन्हा स्कॅन केलं. हे कॉन्टॅक्ट प्रिंट आहेत, निगेटिव्हएवढेच, ६ बाय ९ सेंटिमीटर. सात प्रिंटवर लांब कडेला समांतर, कडेपासून बरोबर चार मिलिमीटरवर एकच बारीक ओरखडा जातो. कॅमेऱ्याच्या रुळावर वाळूचा कण अडकला असणार आणि त्याने सगळी फिल्म ओरबाडली. हरिकेन, रुग्णवाहिका, ट्रक हे तिन्ही त्या सातांत आहेत.

अल्बममधल्या जीपचं झटपट: जाळीत नऊ फटी, रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा, म्हणून विलीज. फोर्डचा असता तर उलट्या पन्हळीसारखा दिसला असता. १९४७ पासून मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या जीपशी हिची गल्लत करू नका.

जतनाचं काम रखडलंय. दोन प्रिंटच्या गडद भागावर चंदेरी तवंग आलाय. स्कॅनरवर तो चमकतो, म्हणून ते दोन खिडकीच्या तिरप्या उजेडात कॅमेऱ्याने टिपले. कसर लागलेलं पान वेगळं काढून सिलिका जेलच्या डब्यात ठेवलंय.

राहिला हरिकेनचा अनुक्रमांक. शेपटीकडे पहिलं अक्षर 'एच' स्वच्छ दिसतं. एचएल, एचव्ही, एचडब्ल्यू, या सगळ्यांतच हरिकेन होती, आणि नेमकं दुसरं अक्षर एका हसऱ्या मेकॅनिकच्या कोपरामागे आहे. १२० नंबरच्या फिल्मच्या रोलवर या मापाचे आठ फोटो निघतात. पान ४ वर हरिकेनशेजारी चार रिकामे कोपरे चिकटवलेले आहेत आणि त्यांच्या मधला कागद बाकी पानापेक्षा काळा राहिलाय. आठवा तिथे होता. रविवारी परत त्याच विक्रेत्याकडे जातोय. सुट्या फोटोंची एक बुट्टी त्याच्याकडे होती, ती तेव्हा मी पाहिलीच नाही.