१ जानेवारी १९७०

सिस्टरनी फोन काउंटरवर ठेवला आणि त्याच्या शेजारी एक वही ठेवली. साधी, आखीव पानांची, कोपरे दुमडलेली.

"दादा, तुम्ही बॅटरी बदललीत, त्याने अर्धा आजार गेला. अर्धा अजून अंगात आहे."

आठ दिवसांपूर्वी मीच त्या फोनची बॅटरी बदलली होती. पाच वर्षांचा फोन, तक्रार एकच, मध्येच बंद पडतो. मोबाइल दुरुस्तीत इतकी वर्षं काढल्यावर ही तक्रार ऐकली की हात आपोआप बॅटरीकडे जातात, आणि त्या वेळी ते चुकलेही नव्हते. फोन उघडला तेव्हा जुनी बॅटरी मधोमध उशीसारखी वर आली होती. आतलं रसायन विघटित होऊन वायू साठतो, म्हणून ती फुगते. अशी बॅटरी काढताना धातूचं काहीही वापरायचं नाही, वाकवायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. ग्लू सैल करून, प्लास्टिकच्या पट्टीने, वेळ घेत काढावी लागते.

काढण्याआधी मी तिच्यावर मीटर लावून बघितलं होतं. स्क्रीनवर ३१ टक्के, टोकांवर ३.७६ व्होल्ट. आकडा ठीकठाक. मग कॅमेरा उघडला आणि फ्लॅश मारला, तसा आकडा ३.१ वर कोसळला आणि स्क्रीन काळी झाली. दुसऱ्या क्षणी मीटरवर पुन्हा ३.७. चार्जर लावून फोन चालू केला तर टक्के पुन्हा तिशीच्या आसपास. बॅटरीत चार्ज आहे, पण मागितल्याबरोबर देण्याची ताकद उरलेली नाही.

गिऱ्हाईक नेहमी विचारतं, "तीस टक्के असताना बंद कसा होतो?" टक्के म्हणजे आत किती चार्ज उरला असावा याचा फोनने बांधलेला अंदाज. फोन जगतो तो व्होल्टेजवर. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, वाढतो. हा रोध ०.१ ओहम असेल आणि फोनने एकदम २ अँपिअर खेचले, तर ०.२ व्होल्ट आतल्या आत खर्च होतात, कुणाला कळतही नाही. तोच रोध ०.३ ओहम झाला की ०.६ व्होल्ट जातात. ३.७ मधून ०.६ गेले की ३.१ उरतात, आणि व्होल्टेज एका मर्यादेखाली घसरलं की पॉवर आयसी, म्हणजे वीज सांभाळणारी चिप, स्वतःला आणि बोर्डाला वाचवायला सगळं बंद करते. थंडीत रोध आणखी वाढतो. रेंज कमी असेल तर फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो, टूजीवर तर २ वॅटपर्यंत, सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही छोट्या झटक्यांत. म्हणून असे फोन नेमके गरजेच्या वेळी बंद पडतात. कॉल लागताना, फोटो काढताना, पहाटेच्या गारठ्यात.

ॲपलच्या फोनवरून २०१७ साली जगभर जो गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हेच साधं गणित होतं. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयफोनच्या आयओएस १०.२.१ या अपडेटमध्ये म्हाताऱ्या बॅटरीच्या फोनचा वेग गुपचूप कमी करायची सोय होती, म्हणजे जोराची मागणीच होऊ नये आणि फोन बंद पडू नये. उपाय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. लोकांना तो नीट सांगितला गेला नाही. डिसेंबरमध्ये कंपनीला माफी मागावी लागली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारं पान सेटिंगमध्ये आलं. मला अजून वाटतं, ते पान पहिल्या दिवसापासून प्रत्येक फोनमध्ये असायला हवं होतं.

तर, बॅटरी बदलली, फ्लॅश मारून बघितला, आकडा ३.६ च्या खाली आला नाही. कव्हर बसवून, कापडाने पुसून दिला. माझ्या लेखी केस संपली होती.

आणि आता आठ दिवसांनी सिस्टर परत समोर उभ्या होत्या.

पहिला संशय नवीन बॅटरीवर. नवीन म्हणून आलेली बॅटरीही वर्षानुवर्षं गोदामात पडून म्हातारी झालेली असू शकते. फोन उघडला, तोच फ्लॅश, तोच मीटर. बॅटरी उत्तम. चार्जिंगला लावून करंट बघितला, ठीक. पॉवर बटण अडकतंय का बघितलं, कारण दाबून राहिलेलं बटणही फोन बंद करतं. तेही ठीक. मग माझ्या तोंडून ते वाक्य निघालं जे आमच्या धंद्यात काही सुचेनासं झालं की निघतं. "सिस्टर, एकदा हार्ड रिसेट मारून बघूया."

"मारलं की सगळं पुसलं जाईल ना?"

"हो. बॅकअप असेल तर..."

"यात माझ्या पेशंटच्या पाठीच्या जखमेचे फोटो आहेत, पाच महिन्यांचे. जखम किती भरली ते डॉक्टर त्यावरून बघतात. आधी वही वाचा, मग पुसायचं की नाही ते ठरवा."

त्या निवृत्त नर्स. आता अंथरुणाला खिळलेल्या एका पेशंटची रात्रपाळी करतात. वॉर्डात तापाचा तक्ता भरायची जन्माची सवय, तीच त्यांनी फोनला लावली होती. पानावर पट्टीने रकाने आखलेले. तारीख, वेळ, टक्के, काय चालू होतं, चालू झाल्यावर काय दिसलं. बॅटरी बदलायच्या आधीच्या दहा दिवसांत १७ नोंदी. मग एक आडवी रेघ आणि त्यावर "बॅटरी बदलली". रेघेखाली ४ नोंदी.

रेघेखालची तिसरी नोंद मी दोनदा वाचली. रात्रीचे २:४०, ६८ टक्के. पेशंटला धाप लागली. डॉक्टरांना फोन लावला, बोलत बोलत खुर्चीतून उठून पलंगाकडे गेल्या आणि फोन गेला. पुन्हा चालू व्हायला दीड मिनिट. घरातल्या मुलाला उठवून त्याच्या फोनवरून डॉक्टरांना गाठलं. पेशंट सावरला. हे मी बॅटरी बदलून, पुसून दिलेल्या फोनवर घडलं होतं. त्यानंतर रिसेटची भाषा माझ्या तोंडी आली नाही.

शेवटचा रकाना मी आधी वरवर बघितला होता. रेघेखालच्या चारही नोंदींत त्यात एकच गोष्ट लिहिली होती. "तारीख १ जाने. १९७०. थोड्या वेळाने आपोआप बरोबर."

मी वर सरकलो. आधीच्या १७ नोंदींपैकी ५ मध्ये तेच. उरलेल्या १२ मध्ये तारखेचा उल्लेख नव्हता.

"सिस्टर, या बारा वेळी तारीख बरोबर होती, की बघायची राहिली?"

"बरोबर होती. वेळ लिहायची तर घड्याळ बघावंच लागतं. जे नेहमीसारखं असतं ते तक्त्यात लिहीत नाही आम्ही."

त्या क्षणी सगळं चित्र पालटलं. फोन बंद असला तरी त्याच्या आतलं घड्याळ चालू असतं. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपन पावणारं एक छोटं स्फटिक असतं, त्याला बॅटरीतून अगदी नगण्य वीज लागते. व्होल्टेज कोसळून फोन बंद पडला, तरी भार उतरल्याबरोबर व्होल्टेज परत वर येतं आणि घड्याळाला काही होत नाही. पण बॅटरीचा संबंधच तुटला, तर घड्याळाची मोजणी शून्यावर येते. आणि युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीच्या वळणाने चालणाऱ्या अँड्रॉइडसारख्या प्रणालीत काळाचा शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. सगळे सेकंद तिथून मोजलेले असतात. पुढे नेटवर्क मिळालं की फोन टॉवरकडून खरी वेळ घेतो आणि तारीख सुधारतो. हे सगळं मिनिटाभरात उरकतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांच्या आलं, कारण त्यांना वेळ लिहायची होती.

म्हणजे एका लक्षणाखाली दोन आजार होते. बारा वेळा दमलेली बॅटरी. त्या नोंदींत फ्लॅश होता, व्हिडिओ कॉल होता, कमी रेंजमधले कॉल होते, आणि टक्के बहुतेक चाळिशीच्या आत. तो आजार बॅटरीबरोबर गेला. उरलेल्या नऊ वेळा वीज सरळ तुटली होती, कधी ३५ टक्क्यांवर तर कधी ९० वर. "काय चालू होतं" या रकान्यात: जिना उतरताना, फोन खिशात. पेशंटला कुशीवर वळवताना, फोन खिशात. फोन टेबलावर जरा जोरात ठेवला. खुर्चीतून उठले. दर वेळी धक्का, मोठा किंवा लहान.

बॅटरीतलं संरक्षण सर्किटही वीज तोडू शकतं, पण ते भार जास्त झाल्यावर. खिशात नुसता पडलेला फोन कसला भार घेणार? शिवाय बॅटरी बदलली म्हणजे ते सर्किटही बदललं, तरी त्रास तोच. राहिला तो बॅटरी आणि बोर्ड यांच्यामधला सांधा.

फोन चालू ठेवून मी बॅटरीच्या कनेक्टरजवळ प्लास्टिकच्या पट्टीच्या मुठीने हलकं टकटक केलं. सातव्या की आठव्या टिचकीला स्क्रीन गेली. सिम काढून, वायफाय बंद ठेवून चालू केला. १ जानेवारी १९७०. सिस्टर स्टुलावरून वाकून बघत होत्या. "हेच," त्या म्हणाल्या.

मायक्रोस्कोपखाली धरल्यावर जे दिसलं, ते मला पहिल्याच दिवशी नुसत्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं. या कनेक्टरवर एक छोटा धातूचा पत्रा दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. त्याचं काम एकच, कनेक्टर दाबून धरणं. तो पत्रा जागेवर नव्हता. स्क्रूंची दोन भोकं मात्र होती.

"हा फोन माझ्याआधी कुणी उघडला होता का?"

"दोन वर्षांपूर्वी स्क्रीन बदलली होती, दुसरीकडे."

तेव्हा पत्रा परत बसवायचा राहिला असणार. पण मग दोन वर्षं फोन नीट कसा चालला? उत्तर माझ्या खोक्यातच होतं. फुगलेल्या बॅटऱ्या मी वेगळ्या ठेवतो, सिस्टरची जुनी बॅटरी त्यात होती. ती फुगत गेली तशी तिला बोर्डाशी जोडणारी लवचीक फ्लेक्स पट्टी ताणली गेली होती, कनेक्टरजवळ मुरड स्पष्ट दिसत होती. कनेक्टर एका बाजूने थोडा थोडा उचलला जात होता आणि दाबून धरायला वर काही नव्हतं. बोर्डावरच्या सॉकेटचा एक कोपरा त्यात सैल झाला, स्प्रिंग काळवंडल्या. नवीन बॅटरी मी त्याच सैल सॉकेटमध्ये दाबून बसवली होती. टक् असा आवाज आला, मला तेवढा पुरला. बारा नोंदींनी मला पाच नोंदी दिसू दिल्या नाहीत.

पुढचं काम सरळ होतं. सॉकेट आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, साफ केलं, स्प्रिंग नीट केल्या, सोल्डर तडकलेलं नाही याची खात्री केली. त्याच मॉडेलचा एक डेड बोर्ड माझ्याकडे होता, त्यावरून पत्रा आणि त्याचेच दोन स्क्रू घेतले. स्क्रू त्याचेच घ्यावे लागतात, कारण लांबीत अर्धा मिलिमीटर जास्त असला तरी तो बोर्डाच्या आतल्या रेषा तोडू शकतो. हे हाताला हवं तेवढंच घट्ट करायचं काम आहे, घाई चालत नाही.

मग परीक्षा. कव्हर उघडंच ठेवून टकटक केलं. सिस्टरनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि नाडी मोजावी तशा टिचक्या मोजल्या. पन्नास. फोन चालू. कव्हर बसवून फोन तळहातावर आपटला, पुन्हा पन्नास. चालू. मग त्यांनी तो स्वतःच्या खिशात टाकला आणि दुकानाबाहेरचा जिना चार वेळा चढल्या-उतरल्या. साठी ओलांडलेल्या बाईला मी नको म्हणत होतो, पण त्या म्हणाल्या, "नोंद जिन्यावरची आहे, तर तपासणी जिन्यावरच व्हायला हवी."

फोन बंद पडला नाही. मी त्यांना सांगितलं की पहिल्या वेळी पत्रा नाही हे बघायची जबाबदारी माझी होती, आणि त्या रात्रीबद्दल मला फार वाईट वाटतंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि वहीत नवीन आडवी रेघ मारली. तिच्यावर "कनेक्टरचा पत्रा बसवला" असं लिहून तारीख घातली. मग विचारलं, "पत्र्याला मराठीत तुम्ही पत्राच म्हणता ना?" मी हो म्हटलं.

निघायला वेळ होता तरी त्या थांबल्या. पेशंटच्या चारच्या गोळीचा अलार्म त्याच फोनवर होता. मागच्या आठवड्यात एकदा तो वाजलाच नव्हता, कारण फोन खिशात केव्हाचा बंद पडलेला. चार वाजायला अकरा मिनिटं होती. फोन काउंटरवर, त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर. मी दुसरं काम हातात घेतलं होतं, पण लक्ष तिकडेच होतं.

अलार्म वाजला. त्यांनी तो दोन-तीन सेकंद वाजू दिला, मग बंद केला. पर्समधला दुसरा फोन काढून पेशंटच्या घरी कळवलं, "गोळी द्या." मग पेनचं टोपण उघडून रेघेखाली पहिली नोंद केली. ४:००, ७४ टक्के, वाजला, तारीख बरोबर.