बुलेटचा ब्लॉक: होनिंग झालं, रीडिंगही घेतलं

तर मंडळी, आपल्या जुन्या कास्ट आयर्न साडेतीनशेचा ब्लॉक बोअरिंगवरून आला, वीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज, म्हणजे ७० एमएमचा बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक) आता साडेसत्तर. जुन्या बोअरला वरच्या टोकाला नखाला लागेल एवढी पायरी पडली होती. तिथेच का, तर टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो तिथे, त्याचा वेग शून्य होतो, ऑइलची फिल्म तुटते आणि पिस्टनवरची रिंग लोखंडावर लोखंड घासते, त्यात गॅसचं प्रेशर रिंगेला मागून दाबत असतं ते वेगळंच.

होनिंग, म्हणजे बोअरच्या भिंतीवर दगडाने बारीक तिरप्या रेघा पाडणं, टूलरूमवाल्या मित्राकडे केलं. आधी जाड दगड, तिरप्या रेघा एकमेकींना साधारण ५० अंशात कापतील असा, मग बारीक दगडाचे मोजकेच हात, नुसती टोकं उडवायला. बघायला येतो तो म्हणतो अजून पॉलिश कर की, आरसा कर. नाही करायचा! खाचा गेल्या तर ऑइल थांबणार कुठे? आणि गुळगुळीत म्हणजे घर्षण कमी असं सरसकट नसतं, दोन स्लिप गेज (मापं तपासायचे एकदम गुळगुळीत ठोकळे) एकमेकांवर दाबून सरकवून बघा, असले चिकटतात की वरचा उचलला तर खालचाही उचलून येतो.

मग खडबडीतपणा मोजणारा टेस्टर लावला. आरए, म्हणजे सरासरी खडबडीतपणा, ०.५ मायक्रॉन. बरंय, पण एकट्या आरएवर माझा भरवसा नाही, ती नुसती सरासरी, वर आलेली टोकं आणि खाली गेलेल्या खाचा तिला सारख्याच. खवणीसारखे दात वर काढलेला बोअर आणि सपाट माथ्यात खोल रेघा असलेला बोअर, दोघांचा आरए सेम येऊ शकतो, पण पहिला रिंगा खाणार. म्हणून आरपीके (वर आलेल्या टोकांचं माप) आणि आरव्हीके (खोल खाचांचं माप) बघायचे, पहिला कमी, दुसरा जास्त. आपले ०.२ आणि १.१ आलेत, जाम खूश!

धुताना नुसत्या पेट्रोलवर भागवू नका. गरम पाणी, साबण, ब्रश, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत, कारण दगडाची पूड खाचांत राहिली तर ती सगळं लॅपिंग करत, म्हणजे घासून झिजवत बसते. आणि पुसल्या पुसल्या ऑइल लावा, कास्ट आयर्न बघता बघता गंजतं.

आता रिंग गॅप (बोअरमध्ये बसलेल्या रिंगेच्या दोन टोकांतली फट) बघायचा. स्टार्ट झाली की आयडलवर तापवत ठेवणार नाही, लोड द्यायचा, सोडायचा, परत द्यायचा, उरलीसुरली टोकं रिंगाच झिजवतील. ऑइल मिनरलच.